पानातील मीठ : गोमंतकाच्या भोजनाचारातील एक प्रकरण

इसवी सन १७३६ च्या एप्रिल महिन्याच्या १४ तारखेस गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतील धर्मसमीक्षणाच्या न्यायासनाने, एक विस्तृत जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांनी आपल्या पूर्वजांचे कोणकोणते आचार टाकून द्यावेत, याची ती नामावळीच होती. घरी तुळस लावू नये. पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. लग्नकार्यात देशी वाद्ये वाजवू नयेत. पान, सुपारी आणि फुले यांची पूर्वीच्या रीतीने देवघेव करू नये. अशा अनेक कलमांच्या ओळीत एक कलम भाताविषयी आहे. मीठ न घालता भात शिजवावयाचा आणि मागाहून ज्याने त्याने आपल्या चवीप्रमाणे मीठ घ्यावयाचे, ही हिंदूंची पद्धत ख्रिस्ती माणसाने पाळू नये, असे त्यात बजावले आहे. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळे हे कलम अभ्यासकांच्या विशेष नजरेस आले.

पहिल्या वाचनात हसू यावे असेच हे कलम आहे. तुळशीवृंदावन राजांगणात उभे असते. पुडवे आणि चोळी रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसतात. लग्नातील वाजंत्री तर चार वाड्यांना ऐकू जाते. पण भाताच्या तपेल्यात मीठ पडले की नाही, हे कोणास कळावे? ते कळते फक्त त्या घरात जेवणाऱ्यास, तेथे राबणाऱ्या माणसास, किंवा चुलीशी उठबस असलेल्या शेजारणीस. इन्क्विझिशनचे कामकाज गुप्त चाले आणि फिर्याद कोणी केली हे आरोपीस सांगितले जात नसे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे हसू मावळते. ज्या पाहुण्यास प्रेमाने पान मांडून वाढावे, तोच उद्या साक्षीदार होऊ शकत होता. १५६० साली स्थापन झालेली ही संस्था, मधली १७७४ ते १७७८ ही वर्षे सोडली तर, १८१२ पर्यंत चालू होती. म्हणजे अडीच शतके जुन्या काबिजादींतील, अर्थात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या प्रांतांतील, नवख्रिस्ती घराला पंक्तीस बसलेल्या माणसाविषयी निःशंक राहता येत नव्हते. आतिथ्याच्या इतिहासात याहून कठीण काळ क्वचितच सापडेल.

भातासारख्या साध्या अन्नावर न्यायासनाची इतकी तीक्ष्ण नजर का पडली, हे समजण्यासाठी आधी अळणी भाताची ही चाल मुळात का पडली ते पाहिले पाहिजे.

तिचे पहिले कारण अगदी चुलीवरचे आहे. गोमंतकात आणि सर्व कोकणपट्टीत भात पुष्कळ पाण्यात शिजवून वरचे पाणी वेळून काढण्याची रीत होती. त्या पाण्यात मीठ घातले तर निम्मेअधिक मीठ निवळीबरोबर वाहून जावयाचे. ती निवळ गुरांच्या आंबोणात जाई, धुतलेल्या कापडास खळ म्हणूनही उपयोगी पडे. तेथे मिठाचे काय काम? शिवाय भात मातीच्या नाहीतर तांब्यापितळेच्या भांड्यात शिजे, आणि खारट व आंबट पदार्थ अशा भांड्यांस मानवत नाहीत हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक होते. उरलेला भात रात्री पाण्यात ठेवून सकाळी खाण्याचा प्रघातही होताच. भात असा अळणी असला की तो कोणत्याही पदार्थाबरोबर खपतो. सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज पुढे आली की तिच्यात मिठाचा खडा घालून, जोडीला आदल्या दिवशीची आटवलेली कढी नाहीतर लोणच्याची फोड घेऊन शेतकरी आणि भाटकार दोघेही तृप्त होत. पेजेला मीठ किती हे ज्याच्या त्याच्या घामावर अवलंबून असे. उन्हात नांगर धरलेल्या माणसाला आणि ओसरीवर हिशेब लिहीत बसलेल्याला एकाच मापाचे मीठ पुरत नाही.

दुसरे कारण देवघराचे आहे. नैवेद्य दाखविण्यापूर्वी अन्न उष्टावू नये हा नियम सोवळ्यातील स्वयंपाकाचा कणा होय. सोवळ्याने रांधणारी बाई, किंवा मोठ्या कार्यात रांधपी, पदार्थाची चव घेऊन पाहू शकत नाही. खतखत्यात पाचसात भाज्या, तुरीची डाळ, नारळाचे वाटप, तिरफळे आणि सोले पडतात. तोंडाक, मुगागाठी, पायस अशी चार भांडी एकाच वेळी चुलींवर असतात. आणि या सर्वांचे मीठ केवळ बोटांच्या अंदाजाने घालावयाचे असते. जुन्या स्त्रिया वाफेच्या वासावरून मीठ ओळखीत असे सांगतात. त्यात अतिशयोक्ती असेल, पण अंदाज चुकण्याची भीती खरी होती. अधिक पडलेले मीठ परत काढता येत नाही. कमी पडलेले पानात पुरे करता येते. म्हणून हात आखडता ठेवावा, मुख्य अन्न जो भात तो अळणीच ठेवावा, आणि मीठ पानात वेगळे वाढावे, ही व्यवस्था रूढ झाली. या दृष्टीने पाहता त्या न्यायासनाचा तर्क अगदीच निराधार नव्हता. या चालीचे एक मूळ देवपूजेत होते. धर्म केवळ देवळात नसून रांधणीतही राहतो, हे त्या परक्या न्यायाधीशांना पुष्कळ स्वकीय पंडितांपेक्षा अधिक स्पष्ट दिसले असे म्हणावे लागते. चुकले ते इतकेच की पेजेच्या निवळीचा हिशेबही त्यांनी धर्माच्याच खाती मांडला.

तिसरे कारण शिष्टाचाराचे, आणि प्रस्तुत विषयात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. केळीचे पान मांडताना त्याचे निमुळते टोक जेवणाराच्या डाव्या हातास येते. पान पुसून झाले की सर्वप्रथम वरच्या बाजूस मध्यावर मीठ वाढतात. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, लोणचे, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि पातळ पदार्थांचे द्रोण. मध्ये भाताची मूद, तिजवर वरण आणि शेवटी तूप. तूप पडल्याखेरीज कोणी पानास हात लावीत नाही. पानाच्या उजवीकडे चित्राहुती घालून, आपोशन घेऊन, यजमानाने 'सावकाश होऊ द्या' म्हटल्यावर पंगत सुरू होते. या सर्व मांडणीत डावे-उजवे कधीच बदलत नाही आणि मिठाची जागा मध्यावरून ढळत नाही. धर्मशास्त्रकारांनी हाताने वाढलेले मीठ निषिद्ध मानले आहे. म्हणून ते चमच्याने, नाहीतर पानाच्या तुकड्याने वाढावयाचे. पुष्कळ घरांत तर जेवण सुरू झाल्यावर कोरडे मीठ पुन्हा वाढीत नाहीत. जे काय ते आरंभीच पानात असले पाहिजे.

यामागचा विचार सूक्ष्म आहे. पाहुण्याने अन्नास नावे ठेवू नयेत, हा भोजनाचा पहिला संकेत. आमटी अळणी झाली असे पाहुण्याने म्हणणे म्हणजे घरच्या बाईचा चारचौघांत पाणउतारा करणे होय. पण जिभेला तर अळणी लागतेच! अशा वेळी पानाच्या शेंड्यावरील त्या चिमूटभर मिठाने दोघांचीही अब्रू राहते. पाहुणा बोटाच्या टोकाने कणभर मीठ घेऊन भातात मिसळतो. यजमानीण ते पाहूनही पाहत नाही. पंगतीत शब्द उमटत नाही. व्रतस्थाने मिठास हात लावला नाही तरी कारण विचारण्याची पाळी येत नाही. वैद्याने मीठ वर्ज्य सांगितलेला वृद्ध, अळणी उपवास करणारी विधवा, रसत्याग केलेला यती, आणि खेळून दमून आलेला मुलगा हे सर्व एकाच तपेल्यातील भात जेवू शकतात. तपेले एकच असून चव मात्र ज्याची त्याच्या स्वाधीन, अशी ही योजना होती. आणि नेमकी हीच योजना १७३६ च्या कलमाने मोडू पाहिली. भातात मीठ आधीच पडले की घरातील प्रत्येकाची चव चुलीपाशीच ठरून जाते. कोण कोणाचा झाला आणि कोण मनातून कोणाचा राहिला, हे ओळखण्यास मग पानाकडे पाहिले की पुरे.

या सगळ्यात एक विरोधाभास असा की गोमंतकाला मिठाची वाण कधीच नव्हती. हडफडे, नेरूल, रायबंदर येथील मिठागरे प्रसिद्ध आहेत, आणि पेडण्यातील आगरवाडा गावाने तर आगराचेच नाव धारण केले आहे. पावसाळा ओसरल्यावर बांध नीट करावयाचे, भरतीचे खाडीचे पाणी मानशीतून आत घ्यावयाचे, एका वाफ्यात ते तापू द्यावयाचे आणि दुसऱ्यात त्याचे दाणे धरू द्यावयाचे, असा मिठगावड्यांचा वार्षिक क्रम असे. पहिल्या मोठ्या पावसापूर्वी राशी शाकारल्या नाहीत तर वर्षाची मेहनत विरघळून जाई. हे मीठ तांड्यातांड्यांनी घाट चढून वरच्या मुलखात जाई. त्याची स्वस्ताई किती होती याची साक्ष खुद्द शिवछत्रपतींच्या पत्रात सापडते. १६७१ साली महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस लिहिले की बारदेशचे मीठ स्वस्त पडल्याने व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वरकडील मिठाचा व्यापार बुडेल; सबब बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते संगमेश्वरी मिठाहून महाग पडेल असे करावे. ज्या बारदेशात पुढे पासष्ट वर्षांनी भातात मीठ केव्हा घालावे याचा हुकूम सुटला, त्याच बारदेशच्या मिठावर स्वराज्याची ही नजर होती. हेतूंत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. एका ठिकाणी आपल्या रयतेच्या उदीमाची काळजी, दुसऱ्या ठिकाणी रयतेच्या अंतःकरणाची झडती.

मिठावरील तिसरी नजर इंग्रजांची. २६ डिसेंबर १८७८ रोजी झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचे व विक्रीचे नियंत्रण ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडे गेले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारास दर वर्षी चार लक्ष रुपये मिळू लागले. १८९२ साली तो तह संपुष्टात आला. त्या बारा वर्षांत ज्यांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर मिठागर होते त्यांनाही मीठ कर भरून घ्यावे लागले. पानाच्या शेंड्यावरील चिमूट त्या काळी किती लहान झाली असेल याची कल्पना करावी.

असो. जाहीरनाम्याचा परिणाम काय झाला, हा खरा प्रश्न आहे. वरवर पाहता तो यशस्वी झाला. गोव्यातील ख्रिस्ती घरांत भात मीठ घालून शिजवितात आणि हिंदू घरांत घालीत नाहीत, हा भेद लोक आजही सांगतात. परंतु घराच्या आणखी आत गेले की चित्र बदलते. त्याच ख्रिस्ती घरात नारळाच्या रसाची कढी, सोलांची आंबटाण आणि सकाळची पेज राहिली. लग्नापूर्वी वधूवरांस नारळाचा रस लावण्याचा 'रोस' राहिला. गत झालेल्या माणसांच्या स्मरणार्थ लग्नाआधी गोरगरिबांस जेवू घालण्याची चालही राहिली. तिला 'भिकाऱ्यांचे जेवण' असे नाव असले तरी तिचे मूळ कोठे आहे हे पितृकार्य जाणणाऱ्यास सांगण्याची गरज नाही. वधूच्या घरून जाणारे 'वजें', म्हणजे मिठाई व फळे यांची ती भेट, दोन्ही समाजांत आहे. हिंदू घरांत चवथीच्या सणास नव्या सुनेच्या माहेरून ते येते आणि शेजारीपाजारी वाटले जाते. ज्यास देवळात जाण्याची बंदी झाली त्याने दुसऱ्यास वाढण्याची रीत सोडली नाही. कायद्याने तपेल्यात मीठ पडले. वाढण्याच्या हाताला मात्र कायदा पोहोचला नाही.

याच काळात हिंदू स्वयंपाकघराने परक्यांकडून काय घेतले हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांनी आलेली मिरची इतकी आपली झाली की एके काळी मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणत. काजू, अननस, पपई, पेरू यांचीही तीच कथा. या पदार्थांबरोबर कोणताही हुकूम आला नव्हता, म्हणूनच कदाचित ते निर्विघ्न आत आले. पावाबद्दल तसे झाले नाही. धर्मांतराची खूण म्हणून तो ओळखला जाऊ लागला आणि पुष्कळ हिंदू घरांनी त्यास दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर ठेवले. श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरचीऐवजी मिरीच वापरणारी घराणी अद्यापि आहेत. पितरांना जी चव ठाऊक नव्हती ती त्यांच्या पानात कशी वाढावी, असा त्यामागचा भाव दिसतो.

ज्यांना राहणे अशक्य झाले ते निघून गेले. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास आणि साष्टीतील १५६६-६७ च्या सुमारास पाडली गेली, तेव्हा भक्तांनी देव हलविले. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. फोंडे महाल त्या वेळी पोर्तुगिजांच्या हाती नव्हता. तो १७६३ साली गेला, आणि तेव्हा प्रजेच्या देवधर्मास हात न लावण्याचे वचन त्यांना द्यावे लागले. कित्येक कुटुंबे आणखी दक्षिणेस, कारवार, अंकोला, कुमठे, होन्नावर, मंगळूर या मार्गाने कोचीपर्यंत उतरली. काही घाट चढून बेळगाव-खानापूरकडे गेली. देवाच्या मूर्तीबरोबर नैवेद्याचा नेम गेला, आणि नेमाबरोबर वाढण्याची रीत. भाषा बदलली, कागदोपत्री लिपी बदलली, घाटावर तर तांदळाच्या जागी जोंधळा आला, तरी पान मांडल्यावर पहिले मीठ ही खूण टिकली. विखुरलेल्या शिष्यवर्गाकडे स्वामी संचारास गेले असता भिक्षेच्या दिवशी जी पंगत बसे, तीत होन्नावरचा आणि फोंड्याचा गृहस्थ शेजारी बसून एकमेकांच्या पानाकडे पाहत आणि ओळख पटत असे. कुळगोत्र विचारण्याचे काम मग पुढचे.

तथापि या पंगतीचे गुणगान करताना तिच्या उण्या बाजूवर पडदा टाकणे इतिहासास शोभणार नाही. पंक्तिप्रपंच, म्हणजे एकाच पंगतीत एकास तूप अधिक आणि दुसऱ्यास कमी वाढणे, हे आपल्याकडे पाप मानले गेले. पण पंगतच कोणाची आणि कोणी कोठे बसावे, या प्रश्नात जो प्रपंच होता त्यास बराच काळ कोणी पाप म्हटले नाही. एका भाताच्या तपेल्याभोवती व्रतस्थास आणि रोग्यास सामावून घेणारी माणसे जातीच्या रेषेपुढे मात्र पान मांडीत नसत. पितरांसाठी केलेले अन्न अंत्यजांस वाढणाऱ्या नाथांची कथा महाराष्ट्राने घरोघर सांगितली, आणि अनुकरण मात्र विरळा केले. तसेच ज्या बायांनी चव न घेता दोनशे पानांचे मीठ अचूक साधले, त्या सर्वांच्या मागून, निवलेल्या अन्नावर जेवल्या. त्यांचे पान मांडताना मीठ आधी वाढण्यास कोणी उभे नसे. त्या आपल्या हाताने घेत. विसाव्या शतकात या दोन्ही रेषा पुसट होत गेल्या. काही ठिकाणी त्या सुधारकांच्या प्रयत्नाने पुसल्या, आणि काही ठिकाणी शहरातील जागेच्या टंचाईनेच ते काम केले.

आता बहुतेक घरांत भात कुकरमध्ये शिजतो. त्यातून निवळ काढावयाची नसते आणि भांड्याचा तांब्याशी संबंध राहिलेला नाही. मीठ न घालण्याची जुनी व्यावहारिक कारणे अशी एकेक करून गेली, तरी चाल उरली आहे. टेबलावर मिठाची सच्छिद्र डबी आली, उभ्याने जेवण्याचे समारंभ आले, आणि तेथे मिठाची मध्यावरची जागा कोणास सांगता येत नाही. महाप्रसादाच्या पंगतीत मात्र क्रम तोच आहे. पाने मांडली, पाणी फिरले, की वाढपी बाहेर पडण्याआधी एक वाटी आणि लहानसा चमचा घेऊन कोणीतरी ओळीच्या टोकापासून निघतो. भाताचे आणि वरणाचे जड भांडे थोरांच्या हाती असते. मिठाची वाटी बहुधा नुकतीच मुंज झालेल्या मुलाकडे देतात. तो वाकून, दोन्ही बाजूंचे पान न ओलांडता, प्रत्येक शेंड्यावर चिमूटभर मीठ ठेवीत जातो, आणि ओळ संपेपर्यंत कोणी त्याच्याशी बोलत नाही.